मशीन तासाला खरंच किती खाते? पोकलेन, लोडर, डोझरचा ताशी खर्च काढायची पद्धत

पहिली पोकलेन घेतली तेव्हा मी रेट कसा ठरवला होता सांगू? बाजूच्या साईटवर जो रेट चालू होता त्यातून थोडं कमी केलं आणि काम धरलं, झालं. डिझेल, ऑपरेटरचा पगार आणि बँकेचा हप्ता जाऊन हातात पैसे उरत होते, म्हणजे धंदा फायद्यात आहे असं दोन वर्षं बिनधास्त वाटत होतं. तिसऱ्या वर्षी चेन (मशीन ज्यावर चालते तो लोखंडी पट्टा), रोलर, स्प्रॉकेट सगळं एकदम बदलायला आलं आणि खात्यात त्याचे पैसेच नव्हते. तेव्हा डोक्यात उजेड पडला की दोन वर्षं नफा समजून जे खाल्लं ते चेनचे पैसे होते. उधारी करून चेन घातली आणि मग वही घेऊन बसलो.

हिशोब अवघड नाहीये, शाळेतलं गणित आहे. पण नवीन माणूस ठराविक जागी चुकतो, मी तर जवळजवळ सगळ्याच जागी चुकलोय. म्हणून क्रमाने सांगतो.

खर्चाचे दोन ढीग करायचे. पहिला मालकीचा खर्च, म्हणजे मशीन नुसती उभी असली तरी चालू राहणारा: घसारा, व्याज, विमा, टॅक्स, पार्किंग. दुसरा चालवायचा खर्च: डिझेल, ऑइल, टायर नाहीतर चेन, दात, रिपेअर, ऑपरेटर. दोन्ही तासावर आणायचे आणि बेरीज करायची.

खाली एकच उदाहरण शेवटपर्यंत चालवलंय, २० टनी पोकलेन, इंजिन ११० किलोवॅटचं. चलन मुद्दाम लिहीत नाही. मशीनची किंमत १,००,००० आणि डिझेलचा लिटर १ असं धरलंय, बाकीचे आकडेही त्याच मापात. हे आकडे उचलून आपल्या शीटमध्ये टाकू नका प्लीज, ते फक्त पद्धत दिसावी म्हणून आहेत.

आधी हे गोळा करून बसा

- मशीनचं खरेदी बिल, सोबत ट्रेलरचं भाडं, नोंदणीचा खर्च, वेगळं घेतलेलं बकेट किंवा ब्रेकर (दगड फोडायचा हातोडा) याची बिलं
- लोनचं पूर्ण शेड्यूल (व्याज किती आणि मुद्दल किती हे वेगळं दिसणारं)
- विम्याची पॉलिसी आणि टॅक्सच्या पावत्या
- मशीनसोबत आलेलं मॅन्युअल, त्यातलं सर्व्हिस शेड्यूलचं पान
- डिझेलच्या पावत्या आणि लॉगशीट, निदान ३ महिन्यांच्या
- चेन किंवा टायर, दात, फिल्टर, होज पाईप यांचे आजचे भाव
- जुनी मशीन असेल तर मागच्या दोन वर्षांची रिपेअरची बिलं, जेवढी सापडतील तेवढी

लॉगशीट नसेल तर आजपासून सुरू करा. सकाळचं मीटर, संध्याकाळचं मीटर, डिझेल किती भरलं, काय काम केलं, एवढ्या चार गोष्टी पुरतात.

पायरी १: वर्षाचे खरे तास काढा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या, कारण पुढचा निम्मा हिशोब याच आकड्याने भागायचाय आणि हाच आकडा लोक हवेतून आणतात. रोज ८ तास, वर्षात २५० दिवस, झाले २,००० तास. कागदावर छान दिसतं. पण पाऊस येतो, एक काम संपून दुसरं मिळेपर्यंत मशीन उभी राहते, ट्रेलरवर एक-दोन दिवस जातात, ब्रेकडाऊन होतो, ऑपरेटर सुट्टीवर जातो, साईटवर डंपरच येत नाहीत. माझं पहिल्या वर्षीचं मीटर बघितलं तर १,२०० च्या आसपास भरलं होतं, आणि मी हिशोब (जो काय केला होता तो) २,००० धरून केला होता.

मीटर फिरलं म्हणजे काम झालं असंही नाही. इंजिन चालू असलं की आवर मीटर पुढे जातं, मग मशीन खोदत असो नाहीतर ऑपरेटर केबिनमध्ये एसी लावून मोबाईल बघत बसलेला असो. म्हणून तीन तास वेगवेगळे समजा: घड्याळाचे तास, मीटरचे तास आणि पार्टी ज्याचे पैसे देते ते बिलाचे तास. सर्व्हिस आणि झीज मीटरवर चालते, ऑपरेटरचा पगार घड्याळावर किंवा महिन्यावर, आणि पैसे येतात बिलाच्या तासांवर. या तिघांत फरक पडला की भोक तिथेच पडतं.

नवीन असाल आणि जुना रेकॉर्डच नसेल तर त्याच प्रकारचं काम करणाऱ्या दोन-तीन जणांना मशीन किती वर्षांची आणि मीटर किती, एवढंच विचारा. भागाकार केला की खरा आकडा समोर येतो. वर्षाला किती तास चालते असं थेट विचारलं तर सगळे वाढवूनच सांगतात.

पायरी २: घसारा

मशीन दारात आणून उभी करेपर्यंतचा सगळा खर्च म्हणजे किंमत. त्यातून विकताना काय मिळेल ते वजा करा आणि तुमच्याकडे ती एकूण जितके तास चालेल त्याने भागा.

टायरवाली मशीन असेल तर टायरच्या सेटची किंमत इथे आधीच वजा करा. टायर मशीनच्या आधी संपतात, त्यांचा हिशोब पुढे वेगळा येतो, नाहीतर तेच पैसे दोनदा मोजले जातात. चेनवाल्या मशीनला मी वजा करत नाही. आकडा किंचित जास्त निघतो, निघू दे.

उदाहरण: ५ वर्षं वापरायची, वर्षाला २,००० तास, म्हणजे १०,००० तास. विकताना ३०,००० येतील. मग (१,००,००० − ३०,०००) ÷ १०,००० = तासाला ७.

आता तीच मशीन वर्षाला १,२०० तासच चालली. ५ वर्षांत ६,००० तास. मीटर कमी म्हणून विकताना थोडे जास्त, ३५,००० आले समजा. (१,००,००० − ३५,०००) ÷ ६,००० = १०.८३. म्हणून पायरी १ वर एवढं डोकं खाल्लं.

टॅक्ससाठी अकाउंटंट जो घसारा धरतो तो इथे आणू नका. तो कायद्याच्या टक्क्याने चालतो, तुमची मशीन मातीत कशी झिजते याच्याशी त्याचं देणंघेणं नाही.

पायरी ३: व्याज, विमा, टॅक्स, पार्किंग

पहिला गोंधळ हप्त्याचा. हप्ता म्हणजे खर्च नाही. त्यात मुद्दल आहे आणि मुद्दलाचा हिशोब घसाऱ्यात होऊन गेलाय. हप्ताही धरला आणि घसाराही धरला तर रेट उगाच फुगतो आणि काम हातचं जातं. उलटी चूक जास्त महाग पडते, हप्ते संपले की लोक म्हणतात आता मशीन फुकट झाली आणि रेट पाडतात. मशीन फुकट झालेली नसते, रोज झिजतच असते, आणि पुढची मशीन याच पैशातून यायची असते.

दुसरं, स्वतःच्या पैशाने घेतली तरी व्याज धरा. तेच पैसे दुसरीकडे ठेवले असते तर काहीतरी मिळालंच असतं ना.

व्याज पूर्ण किमतीवर लावत नाहीत, कारण मशीनची किंमत दरवर्षी उतरते. सरासरी अडकलेली रक्कम काढायचं सूत्र असं:

(किंमत × (वर्षं + १) + रिसेल × (वर्षं − १)) ÷ (२ × वर्षं)

आपल्या १,२०० तासांच्या केसमध्ये: (१,००,००० × ६ + ३५,००० × ४) ÷ १० = ७४,०००. त्यावर व्याज १० टक्के, विमा-टॅक्स-पार्किंग मिळून ३ टक्के, एकूण १३ टक्के म्हणजे वर्षाला ९,६२०. भागिले १,२०० = तासाला ८.०२.

२,००० तासांच्या केसमध्ये सरासरी ७२,००० येते, वर्षाचे ९,३६०, तासाला ४.६८.

म्हणजे नुसता मालकीचा खर्च २,००० तासांना ११.६८ आणि १,२०० तासांना १८.८५. मशीन तीच, पण फरक ६० टक्क्यांच्या वर.

पायरी ४: डिझेल

दोन रस्ते आहेत, कागदावरचा आणि टाकीतला. मशीन अजून घेतलेली नसेल तेव्हा कागदावरचा वापरा. डिझेल इंजिनाला एक किलोवॅट-तास काम काढायला ढोबळमानाने २१० ते २३० ग्रॅम डिझेल लागतं, म्हणजे पाव लिटरच्या जरा वर, ०.२६ लिटर धरा. (इंजिनाची ताकद एचपीमध्ये लिहिली असेल तर ०.७४६ ने गुणा म्हणजे किलोवॅट येतील.) पण इंजिन दिवसभर फुल ताकदीवर नसतं, म्हणून लोड फॅक्टर लावायचा. हलकं काम, लेव्हलिंग, बरंच थांबणं असेल तर २० ते ३० टक्के, नेहमीची खोदाई आणि भराई ४० ते ५०, सलग कडक खोदाई ६० ते ७० टक्के.

११० × ०.४५ × ०.२६ = १२.८७, म्हणजे तासाला साधारण १३ लिटर. आपल्या मापात १३.

मशीन हातात आली की कागदावरचा आकडा विसरा आणि टाकीतून मोजा. सपाट जागेवर उभी करून टाकी काठोकाठ भरा, मीटर लिहा, निदान ४०-५० तास चालवा, परत तशीच सपाट जागी उभी करून काठोकाठ भरा. जितकं डिझेल मावलं ते भागिले मीटरचे तास. केबिनमधल्या काट्यावर विश्वास ठेवू नका, आणि एका दिवसाच्या मोजमापावरही नको, उतारावर उभी असेल तर दहा-वीस लिटरचा फरक सहज दाखवते.

असं दर महिन्याला केलं तर चोरीही दिसते, गळतीही दिसते, तुंबलेला एअर फिल्टरही दिसतो. माझ्या एका मशीनचा आकडा हळूहळू चढत गेला आणि मी महिनाभर ऑपरेटरवर संशय घेऊन बसलो, निघाला फिल्टर. नंतर त्याच्याशी बोलताना जीभ जड व्हायची.

उभ्या उभ्या चालणारं इंजिन डिझेल कमी खातं हे खरं. पण ते मीटर वाढवतं, सर्व्हिस जवळ आणतं, वॉरंटीचे तास खातं आणि विकताना मीटर बघणारा गिऱ्हाईक किंमत पाडतो ते वेगळंच.

पायरी ५: ऑइल, फिल्टर, ग्रीस

मॅन्युअलमधलं शेड्यूल उघडा. बहुतेक मशीनमध्ये २५०, ५००, १,००० आणि २,००० तासांचे टप्पे असतात. पूर्ण २,००० तासांत काय काय बदलतं ते एकदा लिहून काढा, इंजिन ऑइल किती वेळा, फिल्टर किती, गिअर ऑइल, हायड्रोलिक ऑइल, ग्रीस. सगळ्याची किंमत करा आणि २,००० ने भागा. उदाहरणात २,४०० ÷ २,००० = १.२. संपलं. धुळीच्या साईटवर एअर फिल्टरची संख्या वाढवा.

पायरी ६: चेन किंवा टायर

सेटची किंमत भागिले किती तास टिकेल. चेनचा पूर्ण सेट (चेन, रोलर, आयडलर, स्प्रॉकेट) १२,००० चा आणि ५,००० तास टिकला तर तासाला २.४. हाच सेट खरबरीत वाळूत किंवा फुटलेल्या खडकात ३,५०० तासांतच गेला तर ३.४३.

किती टिकेल हे जमिनीवर आहे तसं ऑपरेटरवरही आहे. चेन गरजेपेक्षा घट्ट ठेवली की झिजते, चिखल भरून तशीच सुकली की ती आपोआप घट्ट होते, म्हणून संध्याकाळी चिखल काढायला लावा, कंटाळा केला तर बिल तुमचं आहे. नेहमी एकाच बाजूला वळवणं, गरज नसताना लांब चालवत नेणं यानेही आयुष्य कमी होतं. डोझर रिव्हर्समध्ये जोरात पळवणं हा तर बुश आणि स्प्रॉकेटचा खून आहे. डोझरच्या रिपेअर खर्चात निम्म्यापर्यंत वाटा एकट्या अंडरकॅरेजचा, म्हणजे याच चेन-रोलरच्या सेटचा, जाऊ शकतो, त्यामुळे डोझर घेणाऱ्यांनी ही पायरी घाईत उरकू नये.

टायरला हेच गणित, वर पंक्चर-दुरुस्तीसाठी १५ टक्के जोडा. हवा कमी असलेला टायर तापतो आणि आतून फाटतो. हवा बघायला एक मिनिट लागतं, तरी कोणी बघत नाही.

पायरी ७: दात, कटिंग एज आणि ब्रेकर

मऊ मातीत बकेटचे दात ५०० तास सुद्धा जातील, खडकात १५० ला बोंब. मिश्र कामासाठी मी इथे ०.६ धरलेत.

ब्रेकरचा मात्र वेगळा रेट काढा. ब्रेकरचा स्वतःचा घसारा, चिझल, सील किट, नायट्रोजन गॅस हे तर आहेच, वर तो हादरे देऊन मशीनच्या बूमचे पिन-बुश आणि होज पाईप पण खातो. खोदाईच्या रेटमध्ये ब्रेकर चालवणारा माणूस स्वतःच्या खिशातून दगड फोडतोय.

पायरी ८: रिपेअरचा फंड

नवीन मशीनला पहिली दोन वर्षं काही होत नाही आणि तोच सापळा आहे. रिपेअरचा खर्च सपाट रेषेत येत नाही, सुरुवातीला जवळजवळ शून्य आणि नंतर पंप, टर्बो, स्विंग मोटर, सिलिंडरचे सील असे मोठे दणके. म्हणून पूर्ण आयुष्यातला अंदाजे खर्च काढून पहिल्या तासापासून सारखा वाटायचा. घसाऱ्याच्या काही टक्के धरायची पद्धत आहे, काम किती कडक त्यावर टक्का वर-खाली. मी इथे तासाला ४ धरतोय.

आणि ते पैसे वेगळ्या खात्यात टाका, चेनचेही त्यातच. नुसतं शीटमध्ये लिहून भागत नाही, एकाच खात्यात पडले की खर्च होतात. स्वानुभव.

पायरी ९: ऑपरेटर

महिन्याचा पगार गुणिले १२, त्यात बोनस, ओव्हरटाइम, राहण्या-जेवणाची सोय, विमा, हेल्पर असेल तर त्याचा पगार, सगळं घाला. मग भागा मशीनच्या तासांनी. पावसात मशीन बंद असते तेव्हा त्याचा पगार बंद होत नाही, आणि करूही नका, चांगला ऑपरेटर गेला की वरच्या सगळ्या पायऱ्यांचे आकडे वाढतात. वर्षाला ९,००० खर्च असेल तर १,२०० तासांना ७.५, २,००० तासांना ४.५.

पायरी १०: बेरीज आणि मग रेट

१,२०० तासांची केस:
मालकी १८.८५ + डिझेल १३ + सर्व्हिस १.२ + चेन २.४ + दात ०.६ + रिपेअर ४ + ऑपरेटर ७.५ = ४७.५५

२,००० तासांची केस: हीच बेरीज ३७.३८.

मी ३७ चा खर्च समजून ४२ ने काम घेत होतो असं समजा, खरा खर्च ४७ होता. तरी हातात पैसे दिसत होते, कारण घसारा, चेन आणि रिपेअर रोज खिशातून जात नाहीत.

४७.५५ हा खर्च झाला, रेट अजून व्हायचाय. त्यावर ऑफिस, फोन, सुपरवायझरची गाडी, बुडीत उधारी हे सगळं येतं आणि मग नफा. नफ्यात एक चूक हमखास होते: रेटच्या २० टक्के नफा हवा असेल तर खर्चाला १.२ ने गुणायचं नसतं, ०.८ ने भागायचं असतं. १.२ ने गुणलं तर हातात १६.६७ टक्केच पडतात. ट्रेलरने आणणं-नेणं तासात मिसळू नका, वेगळी रक्कम लावा, नाहीतर दोन दिवसांचं काम आणि दोन महिन्यांचं काम यांना एकच रेट लागतो.

बिल फक्त बकेट प्रत्यक्ष काम करते तेवढ्याच तासांचं मिळत असेल आणि मीटरच्या तासांतले ३० टक्के नुसते थांबण्यात जात असतील तर ४७.५५ ला ०.७ ने भागा. तासाला ६८ च्या आसपास पडतं. म्हणून करारात स्टँडबायचा रेट आधीच लिहून घ्या. डंपर आले नाहीत, ब्लास्टिंग चालू आहे, इंजिनिअर यायचाय, असल्या वेळी मशीन बंद असली तरी मालकीचा खर्च आणि ऑपरेटर, १८.८५ + ७.५ = २६.३५, चालूच असतो. काम सुरू व्हायच्या आधी हे बोललं तर समोरचा ऐकतो, नंतर बोललं की भांडण.

घनमीटरवर काम घेत असाल तर तासाचा खर्च भागिले तासाला निघणारे घनमीटर. तास ५० मिनिटांचाच धरा. आणि कुठली माती मोजली जाणार ते विचारा, जागेवरची की डंपरमधली. साधी माती खोदल्यावर साधारण २५ टक्के फुगते. तासाला डंपरमध्ये १२० घनमीटर भरले तर जमिनीतले ते ९६ च असतात, त्यामुळे खर्च घनमीटरला ०.४० चा एकदम ०.५० होतो.

हा कागद एकदा करून कपाटात ठेवायचा नाही. मी प्रत्येक ५०० तासांच्या सर्व्हिसला बसतो, डिझेलचा भाव बदलतो, चेनची झीज मोजून घेतो आणि वर्षाचे तास आत्तापर्यंतच्या मीटरवरून परत काढतो. या वर्षीच्या माझ्या शीटमध्ये दातांचा आकडा साफ चुकला, साईट मुरुमाची सांगितली होती, दोन फुटांखाली खडक निघाला.